वेरूळच्या दहा नंबरमधला उजेड

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काही दिवस, दुपार कलताना वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्यात, म्हणजे तिथल्या बौद्ध चैत्यगृहात, ऊन शिरतं. लेण्याचं तोंड पश्चिमेला. वरच्या चैत्यगवाक्षातून, म्हणजे दर्शनी भागातल्या खिडकीतून, आलेला कवडसा स्तूपापुढच्या बुद्धमूर्तीपर्यंत पोचतो आणि सूर्य खाली जातो तसा वर चढतो. आधी जमीन, मग पाय, मांड्या, छाती, शेवटी चेहरा. माझी नोकरी जालन्यात, बँकेत. मार्चएंडच्या तोंडावर रजा मागितली की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण या दिवसांची रजा मी सोडत नाही.

ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून एरवी लेण्यात खांबाला पाठ टेकून, कोपरं बरगड्यांशी दाबून 1/15 सेकंदावर फोटो काढायचा. कवडशाच्या दिवशी अडचण वेगळी असते. उन्हातला दगड आणि सावलीतला दगड यांत सात-आठ स्टॉपचा फरक; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट. उन्हावर उजेडाची मोजणी घ्यावी तर बाकीचं लेणं काळं, सावलीवर घ्यावी तर मूर्तीचा चेहरा पांढराफटक. मोबाइलवर फिरणारे इथले बहुतेक फोटो असे जळालेलेच असतात. फ्लॅश मारणाऱ्यांचा तर मला खरोखर राग येतो. जो उजेड बघायला लोक इतक्या लांबून येतात, तोच त्या एका झटक्यात पुसला जातो.

त्या दिवशी कवडसा अजून मूर्तीच्या पायांशी होता. परभणीकडच्या एका गावातून आलेल्या बायका आत आल्या, सगळ्या पांढऱ्या लुगड्यांत. पुढच्या आजींनी माझा कॅमेरा बघून विचारलं, "दादा, आमी हितं बसलो तर तुमच्या फोटूत येऊत का?"

"येताल की. बसा मावशी."

त्या मूर्तीपुढे बसल्या, नेमक्या उन्हात. वंदना सुरू झाली. दहा नंबरचं छत लाकडी फासळ्यांसारखं कोरलेलं, कमानदार. आवाज त्यात घुमत राहतो. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि मूर्तीची हनुवटी दिसली. हनुवटीखालची सावली तिथे नेहमी काळीच असते. आता तिथे मऊ, खालून आलेला उजेड होता. हात दिसत होते, बोटं सुटी दिसत होती. डोक्यांवरच्या पदरांवर आणि खांद्यांवर पडलेलं ऊन उलटून मूर्तीवर गेलं होतं. पूर्वी लेण्यांमधले राखणदार पत्र्यानं नाहीतर आरशानं ऊन आत वळवायचे, ते इथे आपोआप झालं होतं. लुगडी जळू नयेत म्हणून मोजणी त्यांच्यावर घेतली, सावल्या नंतर रॉ फाइलमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, उजळल्या. कवडसा त्यांच्या डोक्यांवरून पुढे सरकला आणि हनुवटी पुन्हा अंधारात गेली. पुढे चेहऱ्यावर ऊन आलं, तोही फोटो काढला. तो चांगला आहे आणि तसे शेकड्यांनी आहेत.

एका स्पर्धेत मी लुगड्यांचा फोटो पाठवला. परीक्षकांचं म्हणणं, खालची डोकी काढली असती तर चौकट स्वच्छ झाली असती. ती डोकी नसती तर तो उजेडच नसता, हे फोटोत दिसत असताना परीक्षकाला दिसू नये याचं मला वाईट वाटलं. लेणी म्हणजे रिकामा दगड, हे वेड आपल्या फोटोग्राफीत फार बोकाळलंय. मित्र म्हणतो, पुढच्या वर्षी ऊन उलटवायला थर्माकोलचा बोर्ड नेऊ. मी नको म्हटलं.

आजींना प्रिंट पाठवली होती. फोन आला. "फोटू लई चांगलाय दादा, पण आमची तोंडंच न्हाईत की ह्यात."

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. त्यांच्या पाठीवर ऊन, चेहरे मूर्तीकडे. मूर्तीचा काळा दगड फारसा उजेड परत देत नाही. पण ओळी दोन असतील, तर पुढच्या ओळीच्या पाठीवरचं ऊन मागच्या ओळीच्या चेहऱ्यांवर येईल. मला स्तूपाच्या बाजूच्या प्रदक्षिणामार्गात, खांबाआड उभं राहावं लागेल. 85 मिलिमीटरची लेन्स पुरेल असं वाटतं. येत्या मार्चमध्ये परत येणार का, असं आजींना विचारलंय. त्या म्हणाल्या, सुगी आटपली तर येऊत.