थापेवरची चरचर

हाय-फाय दुरुस्तीला येणारी बरीच यंत्रं धडधाकट असतात. त्यामुळे काकांनी डॅक, म्हणजे फोनमधून येणाऱ्या डिजिटल आकड्यांचं आवाजाच्या विद्युत लहरीत रूपांतर करणारा डबा, टेबलावर ठेवून "तबल्याची थाप जोरात पडली की हा चरचरतो, बदलून द्या," म्हटलं, तेव्हा मी आधी त्यांचा फोन मागितला.

आधीच्या दुकानदाराने त्यांना महागडी यूएसबी केबल विकली होती. याचा मला खरंच राग येतो. केबल खराब असती तर आवाज कुठेही तुटला असता, नेमका थापेवर नाही.

अल्बम सीडीच्या दर्जाचा होता, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सॅम्पल (लहरीची मोजमापं). गाण्यांच्या ॲपवर 'लॉसलेस', म्हणजे काहीही न गाळलेलं, असं लिहिलेलं. डॅकच्या पडद्यावर मात्र ४८. अँड्रॉइडमध्ये गाणं, मेसेजची टिंग, नकाशाच्या सूचना सहसा एकाच मिक्सरमधून जातात आणि तो एका ठरलेल्या रेटवर चालतो. बहुतेक फोनांत तो ४८ असतो. म्हणजे दर १४७ सॅम्पलच्या जागी १६० नवी सॅम्पल हिशेबाने तयार होतात. मूळ जागेवर बसणारं त्यातलं एखादंच. हिशेब नीट असेल तर कानाला फरक कळू नये. मग चरचर कशाची?

फोनला यूएसबी-ऑप्टिकल कन्व्हर्टर लावून डॅककडे जाणारा डिजिटल प्रवाहच लॅपटॉपवर उतरवून घेतला. मूळ फाइलमध्ये शिखरं कमाल पातळीच्या जरा खाली होती. उतरवलेल्यात थापेच्या जागी सॅम्पल सलग ३२७६७ वर, म्हणजे १६ बिटांतल्या सर्वात मोठ्या आकड्यावर, चिकटलेली, माथा सपाट कापलेला. अल्बम रीमास्टर केलेला, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगवर नव्याने काम केलेला, आवाज पार वरपर्यंत रेटलेला. अशा रेकॉर्डिंगमध्ये दोन सॅम्पलच्या मधे खरी लहर कमाल पातळीच्याही वर जाते. फाइलमध्ये ते दिसत नाही, कारण तिथे सॅम्पलच नसतं. ४४.१ चं ४८ करणारं रिसॅम्पलिंग नेमकं त्या मधल्या जागी सॅम्पल ठेवतं आणि १६ बिटांत वर जागा नसल्याने शिखर छाटलं जातं. रीमास्टरिंगच्या नावाखाली शास्त्रीय गाण्याचाही असा आवाज चढवणाऱ्यांनी एकदा हा आलेख पाहावा.

काका फोनचा व्हॉल्यूम कायम पूर्ण ठेवत. "सगळे जाणकार हेच सांगतात," ते म्हणाले. सांगतात, आणि बिट जसेच्या तसे जात असतील तर ते बरोबरही आहे. इथे तोच सल्ला बाधला. व्हॉल्यूम दोन पायऱ्या खाली घेतला, शिखरांना वर जागा मिळाली, चरचर गेली. मग मिक्सर टाळून थेट डॅकशी बोलणाऱ्या प्लेयरमधून तोच अल्बम त्यांच्या सीडीवरून काढलेल्या फ्लॅक (लॉसलेस प्रकारच्या) फाइलचा लावला. पडद्यावर ४४.१ आलं आणि व्हॉल्यूम पूर्ण ठेवूनही थाप स्वच्छ वाजली. डॅक निर्दोष होता.

अँड्रॉइड १४ पासून यूएसबी डॅकला बिट जसेच्या तसे देण्याची सोय आहे, पण फोन आणि ॲप दोघांनी ती वापरायला हवी. काकांच्या ॲपमध्ये ती नव्हती.

"मग लॉसलेसचे जास्तीचे पैसे मी कशाचे भरतो?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फाइल तुमच्या फोनपर्यंत अखंड येते, ब्लूटूथवर तीही सहसा पुन्हा आवळली जाते. उत्तर खरं होतं. तरी ते मला पुरेसं वाटत नाही. फोनच्या पडद्यावर 'लॉसलेस' ठळक दिसतं, तिथेच बाहेर जाणारा रेट का दाखवत नाहीत? तो आकडा फोनला माहीत असतो. तो डॅकवर दिसला नसता, तर मीही कदाचित तासभर डॅकच उघडून बसलो असतो.