भरवशाची म्हैस

रविवार, रात्रीचे पावणेअकरा. लातूर.

आज सकाळी माळ्यावरून कूलर काढला. दरवर्षी मार्च संपता संपता हे काम माझ्याच बोकांडी बसतं. ह्यांचा गुडघा आणि पोराची परीक्षा नेमकी त्याच दिवशी असते. कूलरच्या गवताच्या जाळ्या कुजल्यात, नव्या आणाव्या लागतील. मागच्या बाजूला जुन्या वह्यांची पिशवी सापडली, तिच्यात २०१६ ची रोजनिशी. तिच्याकडं येतेच, पण आधी दुपारचं.

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. गेल्या महिन्यात तिला गिलियन फ्लिनचं ‘गॉन गर्ल’ वाचायला दिलं होतं. वैतागलेली होती. “एक माणूस धड नाही गं त्यात. नवरा तसला, बायको त्याच्यावर कडी. मी वाचू कुणाच्या बाजूनं?”

मला हसू आलं. शेजारच्या घरात भांडण लागलं की आपण कुणाच्या बाजूनं असतो? कुणाच्याच नाही. तरी गॅस बारीक करून ऐकतोच की.

पण तिचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. पहिल्यांदा वाचताना मीही चिडले होते, फक्त कारण वेगळं होतं. त्या पुस्तकात बायकोची रोजनिशी आहे. सुरुवातीला लाडीगोडीची, मग हळूहळू नवऱ्याला भ्यालेली. वाचणाऱ्याचा जीव तिच्यासाठी तुटतो. आणि अर्ध्यावर कळतं की पोलिसांच्या हाती लागावी म्हणून ती सगळी रोजनिशी बनवून लिहिलेली होती. (पुस्तक २०१२ चं आहे, एवढ्या वर्षांनी गुपित फोडल्याचं पाप लागू नये.) तेव्हा तो मला माझाच अपमान वाटला होता. मीही आठवीपासून वही लिहिते. रोजनिशीत माणूस खोटं लिहील, हे ध्यानीमनी नव्हतं. वाचणारं कुणी नसताना खोटं लिहायचं कुणासाठी?

अशा सांगणाऱ्याला वेन बूथ नावाच्या अमेरिकन समीक्षकानं १९६१ मध्ये इंग्रजीत नाव दिलं. आपल्याकडं ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. अविश्वसनीय म्हटलं की डोळ्यांपुढं सर्कस येते. शिवाय त्याच्यावर अविश्वास वाटला तर मग गंमत काय राहिली? तो भरवशाचाच वाटायला हवा. भरवशाच्या म्हशीला टोणगा, तसं.

अगाथा ख्रिस्तीनं १९२६ मध्ये ही म्हैस बांधली. ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ची गोष्ट गावातला डॉक्टर सांगतो. डॉक्टरवर कोण संशय घेणार? आमच्याकडं तर इंजेक्शन कशाचं दिलं एवढंही कुणी विचारत नाही. आणि खुनी तोच निघतो. तेव्हा काही जणांनी ही वाचकांची फसवणूक आहे म्हणून ओरड केली होती. मी ते पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं ते पेन्सिल घेऊनच, त्याला खोटं बोलताना पकडायला. कुठंही सापडला नाही. नऊला वीस कमी असताना टपाल आलं, असं तो लिहितो. नऊला दहा कमी असताना मी निघालो आणि पत्र अजून वाचायचंच राहिलं होतं, हेही लिहितो. दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधली दहा मिनिटं तेवढी त्यानं गिळली, आणि माणूस मेला तो त्या दहा मिनिटांत.

पॉला हॉकिन्सच्या ‘द गर्ल ऑन द ट्रेन’मधली रेचल मात्र निराळी. ती काही लपवत नाही, तिला स्वतःलाच माहीत नसतं. दारूमुळं रात्रीच्या रात्री कोऱ्या, आणि त्या कोऱ्या जागा तिच्या आधीच्या नवऱ्यानं आपल्या सोयीच्या गोष्टींनी भरून ठेवलेल्या. तिला नावं ठेवताना जीभ अडखळते. २०१५ ला ते पुस्तक आलं आणि मागोमाग दारू पिऊन खिडकीतून बघणाऱ्या बायकांची रांगच लागली. त्यातल्या पाच मी वाचल्या असतील, एकीचंही नाव आठवत नाही. शेवटच्या पंधरा पानांत टोपीतून ससा काढायचा, त्याआधी सशाचा एक केसही दाखवायचा नाही, याला मी लबाडी म्हणते. खूण उघड्यावर पडलेली पाहिजे आणि तरी आपण तिला ओलांडून पुढं जायला पाहिजे.

आता ती वही.

२०१६ चा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. मांजरा धरण कोरडं पडलेलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. हे सगळं माझ्या वहीत वळणदार अक्षरात आहे. तेव्हा आम्ही तीन बिऱ्हाडं एका वाड्यात राहायचो. टँकर आला की अंगणातला हौद भरायचा आणि पाणी घागरी मोजून घ्यायचं. दुसऱ्या दिवसाचं पान जसंच्या तसं उतरवते:

“१३ एप्रिल. किती दिवसांनी रात्री शांत झोप लागली. सकाळी पाहते तो हौदातलं पाणी वीतभर खाली. समोरच्या काकूंशिवाय हे कुणाचं काम नाही. तोंडावर बोलले. सगळ्यांसमोर बोलले.”

पुढं दोन पानं काकूच काकू. त्यांची हाव, त्यांची चालणारी जीभ, असल्या दिवसांतही पायरी धुणं. आज वाचताना मला त्यांचा नव्यानं राग आला. रागानंच पान परत मागं उलटलं आणि पहिल्या वाक्यावर बोट थांबलं.

शांत झोप कशानं लागली? अंगाची लाही होत होती, पंखा गरम हवा फेकायचा.

कूलर.

१२ तारखेच्या रात्री तीनच्या सुमारास मी हौदातून दोन घागरी काढून कूलरमध्ये ओतल्या होत्या. विसरले होते असं लिहिणार होते, पण घागरीच्या काठाला आवाज होऊ नये म्हणून गुंडाळलेलं फडकंही आठवतंय, सासूबाईंच्या जुन्या इरकली लुगड्याचं. त्या पानावर खोटं असं एकही वाक्य नाही. झोप लागली होती, पाणी खाली गेलं होतं, काकूंना बोललेही होते.

काकू उलट काही बोलल्या नव्हत्या. नुसत्या घागर घेऊन आत गेल्या. हे वहीत नाही. वहीत त्यांची जीभ फार चालते. त्याच दिवाळीनंतर त्या लेकाकडं पुण्याला गेल्या.

मैत्रिणीला परत फोन लावावा असं वाटलं होतं, लावला नाही. तिला कुणाची तरी बाजू घ्यायची असते.

आत्ता आतून सासूबाईंचा आवाज आला, “काय लिवलालीस गं एवढ्या राती?”

“काही नाही, हिशोब.”

वर दोन घागरी लिहिलंय. आमचा कूलर लोखंडी आहे, मोठा. त्याचा नुसता तळ ओला व्हायलाच तीन लागतात.