वाकणं बंद झालं त्या दिवशी

सकाळी स्टुडिओत पोचले तर लेव्हल डिझायनर माझ्या खुर्चीत बसून, माझ्याच स्क्रीनवर, आमच्या ड्वार्फ नगरीच्या दारावर धडका मारत होता. म्हणजे त्याचा हिरो मारत होता.

"बघ," तो म्हणाला, "तुझं दार आणि माझा हिरो. आजपासून हे असंच. मेल वाचलीस का?"

नव्हती वाचली. आम्ही पुण्यात बसून परदेशातल्या एका कंपनीच्या फँटसी गेमसाठी एन्व्हायर्न्मेंट आर्ट करत होतो. डोंगराच्या पोटात कोरलेली ड्वार्फांची नगरी: एक प्रचंड सभागृह, भट्ट्या, कोठारं, खाणीकडे उतरणारे बोगदे. ड्वार्फ साधारण १३० सेंटिमीटर उंच, त्यांची दारं १५० ची आणि हिरो १८० चा. दार आलं की खेळणाऱ्यानं क्राउचचं बटण दाबायचं, वाकायचं आणि आत शिरायचं. अख्खा नकाशा या हिशेबावर उभा होता. आणि रात्री तिकडून निरोप आला होता की गेमच्या या बिल्डमधून, म्हणजे आवृत्तीतून, क्राउच वगळलं आहे, ॲनिमेशनचं काम आवरत नाही. खाली एक ओळ: रिव्ह्यू ठरल्याप्रमाणे आज साडेचारला.

आपल्याला हिरो माणसासारखा दिसतो, खांदे, कोपर, तलवार वगैरे. गेम ज्या सॉफ्टवेअरवर चालतो त्या इंजिनच्या लेखी तो एक उभी कॅप्सूल असतो, औषधाच्या कॅप्सूलसारखा अदृश्य आकार. आमच्या अनरीअल इंजिनच्या थर्ड पर्सन टेम्प्लेटमध्ये, म्हणजे हिरो मागून दिसणाऱ्या तयार नमुन्यात, तिची त्रिज्या ४२ सेंटिमीटर आणि निम्मी उंची ९६, म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत १९२. आमच्या गेममध्ये तीच ठेवलेली होती. १५० च्या दारातून १९२ ची कॅप्सूल जात नाही, विषय संपला. शिवाय हिरोच्या मागून येणारा कॅमेरा असतो. तो कमी उंचीच्या जागेत भिंतीत घुसतो, मग हिरोच्या मानेला चिकटतो, आणि खेळणाऱ्याला पाच मिनिटं फक्त केस दिसतात.

लेव्हल डिझायनरचं म्हणणं सरळ होतं. दारं २६० ची करा, काम संपवा. त्याच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. पण आमचं सगळं बांधकाम मॉड्युलर, चार मीटरच्या ग्रिडवर बसणारे भिंतींचे, कमानींचे, खांबांचे तुकडे. तुकडा नुसता ताणून मोठा केला की सगळ्यात आधी कडा बिघडतात. दगडाची घासलेली कड जी तीन सेंटिमीटरची होती ती पाचची होते आणि दगड साबणाच्या वडीसारखा दिसायला लागतो. टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवलेलं चित्र, पसरतं. आम्ही मीटरला १०२४ पिक्सेल धरलेले, शेजारच्या भिंतीशी ते जुळेनासे होतात. डोळ्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं.

हे सगळं दुरुस्त करता येतं, त्याला वेळ लागतो इतकंच. खरी अडचण वेगळी होती आणि ती आमच्या लीडनं चहाचा कप हातात घेऊन एका वाक्यात सांगितली: "दारं माणसाची झाली की मग हे घर कोणाचं?"

बहुतेक गेममधली ड्वार्फांची शहरं बघितली तर ती ड्वार्फांची वाटतच नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. चौकोनी नक्षी, सोनेरी पट्ट्या, कुठून तरी निळा किंवा नारिंगी उजेड आणि वीस मीटरचे पुतळे. पुतळ्यांनी उंची कळत नाही, कारण पुतळा कितीही मोठा असू शकतो. उंची कळते ती हात लागतो त्या गोष्टींवरून. आमच्या सभागृहाचं छत २२ मीटरवर होतं, पण कठडा ६५ सेंटिमीटरचा, हिरो शेजारी उभा राहिला की त्याच्या मांडीशी येणारा. कड्या, कोयंडे ७० वर. पायऱ्या १२ सेंटिमीटर उंच आणि २४ रुंद. पायऱ्यांचं एक बरं असतं, त्यांच्यावर अदृश्य उतार टाकून कोलिजन, म्हणजे हिरो कशाला टेकतो-अडतो तो भाग, उरकता येतं. इंजिनला ती घसरगुंडी वाटते आणि कॅमेरा दर पायरीला उड्या मारत नाही. म्हणजे कठडे, कड्या, पायऱ्या सगळं ड्वार्फांच्या मापाचं ठेवता येत होतं. घोडं दारांपाशी अडलं होतं. त्यात ही नगरी बांधलेली नाही, कोरलेली. कोरलेल्या दाराला नंतर मोठं केलं तर त्याच्या खुणा राहतात.

या कोरण्यावर आम्ही फार जीव लावला होता, म्हणून थोडं विषयांतर. सुरुवातीला क्लायंटकडून आलेल्या संदर्भचित्रांत भिंतींवर छिन्नीचे घाव होते, पण कसेही, सगळ्या दिशांना. मग टीममधले काही जण वेरूळ-अजिंठ्याला जाऊन ढीगभर फोटो घेऊन आलो. अर्धवट राहिलेली लेणी आमच्या सगळ्यात जास्त कामाला आली, पूर्ण झालेली तेवढी नाही. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट आहे. तिथे काम कसं पुढे सरकत होतं ते उघडं दिसतं. छताकडून खाली येत कोरायचं, त्यामुळे वरचा भाग आधी तयार होतो आणि जमीन सगळ्यात शेवटी. खांब आधी ओबडधोबड चौकोनी ठोकळे म्हणून सुटे करून ठेवायचे, नक्षी नंतर. वेरूळचं कैलास लेणं तर माथ्यापासून खालीच उतरलेलं. ते पाहून आल्यावर मी सब्स्टन्स डिझायनर या टेक्श्चर बनवायच्या सॉफ्टवेअरमधला दगडाचा ग्राफ मोडून पुन्हा बांधला. छताजवळ घाव बारीक आणि जवळजवळ, खाली येताना रुंद आणि तिरपे, आणि एका माणसाचा, सॉरी, एका ड्वार्फाचा हात पोचतो तेवढ्याच पट्ट्यात एका दिशेचे. पट्टा संपला की दिशा किंचित बदलते, कारण तिथे परांची सरकली. खेळणाऱ्यांपैकी कोणाच्याही हे लक्षात येणार नाही. आमच्या लक्षात येतं.

असो. तर दार.

अकरा वाजेपर्यंत व्हाइटबोर्डवर तीन पर्याय होते आणि तिन्ही वाईट. आमच्याकडचा ज्युनिअर मुलगा तेव्हा भट्टीतले हातोडे करत होता. लीडनं त्याला दांडे आखूड करायला लावले होते. नॉर्स पुराणकथेत थॉरचा हातोडा घडवताना लोकी माशी होऊन भाता ओढणाऱ्या ड्वार्फाला चावतो, म्हणून दांडा तोकडा राहतो. त्या ड्वार्फांच्या वंशजांनी लांब दांड्याचा हातोडा मिरवला तर बरं दिसत नाही, असं लीडचं म्हणणं. पोरगा दांडे कापता कापता, मान न वळवता म्हणाला, "ताई, शनिवारवाड्याला आहे तशी दिंडी ठेवली तर?"

कोणीच काही बोललं नाही, कारण प्रत्येक जण मनात दिल्ली दरवाजा उभा करत होता. मोठी दोन कवाडं, आणि उजव्या कवाडात खाली बसवलेलं ते छोटं दार. रोजची ये-जा तिथून. मोठं दार क्वचित उघडायचं. दिंडीतून आत येणाऱ्याला उंबरठ्यावर पाय उचलावा लागतो आणि त्याच वेळी मानही खाली घालावी लागते, म्हणजे शत्रू आला तरी एकेक आणि वाकलेला.

"म्हणजे हिरो मोठ्या दारातून जाणार," लेव्हल डिझायनर म्हणाला.

"आणि ड्वार्फ दिंडीतून. न वाकता."

"मोठं दार कशाला हवंय पण त्यांना?"

हा प्रश्न त्यानं सहज विचारला, पण सगळं काम त्याच्या उत्तरातून निघालं. ड्वार्फांना मोठं दार स्वतःसाठी नको असतं, मालासाठी हवं असतं. खनिजाच्या गाड्या, चाकांवर आडवे टाकलेले लाकडी वासे, भट्टीचे भाते. माल जिथून जातो तो रस्ता उंच आणि रुंद, माणसं जिथून जातात तो ठेंगणा. मग हिरोनं अख्ख्या नगरीत गाड्यांच्या वाटेनं फिरायचं. पाहुणा आहे, त्याला मालाच्या दारातून घेतात. आधी केलेली १५० ची दारं जागच्या जागी राहणार, बंद, उंबरठे झिजलेले, फटीतून उजेड येणारे. एकही तुकडा ताणायचा नाही.

लेव्हल डिझायनरनं नकाशा उघडला. भट्टीपासून खाणीपर्यंत गाड्यांची वाट होतीच. सभागृहातही. फक्त कोठाराकडे जाणारा बोगदा अरुंद होता, तो एक मॉड्यूल रुंद करावा लागला. उलट त्याचाच फायदा झाला. गाड्यांच्या चाकांनी दगडात पडलेल्या चाकोऱ्या जमिनीवर टाकल्या की खेळणाऱ्याला कुठे जायचं ते बाण न दाखवता कळतं. दुपारी तो स्वतःच चाकोऱ्यांची वळणं काढत बसला होता. एरवी आर्टच्या फाइलला हात न लावणारा माणूस.

दरवाजा मी घेतला. नवीन टेक्श्चर करायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. ट्रिम शीट असते, म्हणजे एकाच चित्रात पट्ट्या पट्ट्यांनी मांडलेले लोखंड, कोरीव कड, लाकूड, खिळ्यांची रांग. ४०९६ पिक्सेलची आमची शीट बरोबर चार मीटर झाकत होती, दरवाजा एका मॉड्यूलमध्ये बसणारा, ३४० उंच. पट्ट्या हव्या तशा बसवत गेले. खिळे मात्र चित्रातले न घेता खरे त्रिमितीय केले. अनरीअलची नॅनाइट ही सोय असल्यामुळे पॉलिगॉन, म्हणजे आकार ज्यांनी बनतो ते तुकडे, मोजत बसायचं नव्हतं. दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक कवाडाला ७२ अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर, कारण दार फोडायला हत्तीच यायचा. आमच्या कथेत हत्ती नाहीत, ट्रोल आहेत. ट्रोल धिप्पाड, तो खांद्यानं ढकलणार असं धरून खिळे दोन मीटरच्या वर नेले, हिरोच्या डोक्याच्याही वर. दारापाशी उभं राहून वर बघितलं की कळतं, हे आपल्यासाठी नाही, आपल्याहून मोठ्या कोणासाठी आहे.

झीज रंगवण्यात तासभर गेला आणि तो मला परवडत नव्हता तरी मी तो घेतला. मोठ्या कवाडावर गाड्यांच्या आसांचे ओरखडे, जमिनीपासून ४५ वर, आडवे, एकाखाली एक. दिंडीच्या कडीभोवती हातांनी आलेली चकाकी, ७० वर. दिंडीच्या चौकटीला वर, बरोबर १४० ला, काहीही नाही, स्वच्छ दगड, कारण कोणाचंच डोकं तिथे लागत नाही. मोठ्या दरवाजाचं एक कवाड उघडं ठेवलं आणि दिंडीवालं मिटलेलं.

साडेतीनला बिल्ड लावला आणि मिटलेल्या कवाडातून भट्टीचा उजेड आरपार येत होता, जणू ते कागदाचं आहे. ल्यूमेनला, म्हणजे अनरीअलच्या उजेडाच्या यंत्रणेला, बारीक भिंती मानवत नाहीत, किमान दहा सेंटिमीटर जाडी लागते, आणि माझं कवाड आठचं होतं. वीस केलं. उजेड थांबला आणि दार एकदम वजनदार दिसायला लागलं. ड्वार्फ आठ सेंटिमीटरचं कवाड करतीलच कशाला.

रिव्ह्यू स्क्रीन शेअर करून होतो. तिकडचा आर्ट डायरेक्टर स्वतः खेळतो, आम्ही बघायचं. तो चाकोऱ्यांवरून बरोबर आला, उघड्या कवाडातून आत गेला, सभागृह ओलांडायला लागला. आमच्याकडे सगळे माइक म्यूट. मग तो थांबला. मागे फिरला, मिटलेल्या कवाडाशी आला, दिंडीसमोर उभा राहिला. दिंडी हिरोच्या छातीपर्यंत येत होती. त्यानं वर खिळ्यांकडे बघितलं, खाली कडीकडे बघितलं. खूप छान आहे म्हणाला. आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"इथून वाकून जाता येत नाही का?" त्यानं विचारलं.

तिकडच्या कॉलवर शांतता पसरली. कोणीतरी घसा खाकरला. त्यांच्या प्रोड्यूसरनं सांगितलं की क्राउच कालच काढलंय.

"का?"

हे 'का' आमच्यासाठी नव्हतं, त्यामुळे आम्ही ते शांतपणे ऐकून घेतलं. लीडनं फक्त टेबलाखालून ज्युनिअर पोराला अंगठा दाखवला.

संध्याकाळी निघताना कामं नोंदवायच्या टूलमध्ये नवीन तिकीट, म्हणजे नवीन काम, आलेलं होतं: 'दिंडी, क्राउच परत?' प्रश्नचिन्हासकट, लेव्हल डिझायनरच्या नावावर. तो खुर्ची ओढत माझ्याकडे आला.

"त्या दिंडीच्या मागे काय आहे गं?"

"काही नाही. काळी भिंत आहे."

"उद्या सकाळी काहीतरी ठेव," तो म्हणाला. "छोटंसंच. पण १९२ च्या आत."