जास्तीचे ५३

कॉम्बिनेशनचा, म्हणजे किती प्रकारे निवड करता येते या गणिताचा, पहिला तास मी षड्रसांवर घेते. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट. यातले एक किंवा अधिक रस घेऊन किती चवी होतील? गणित भास्कराचार्यांचं, ‘लीलावती’तलं, म्हणजे ११५० सालचं. एकच रस घेतला तर ६, दोन घेतले तर १५, असंच पुढे २०, १५, ६, १, एकूण ६३. कडू आणि तुरट एकत्र म्हणजे कारल्याच्या भाजीत सुपारी, असं कोणीतरी म्हणतंच. अकरावीची पोरं हसतात, तास छान जातो.

खरी परीक्षा दुसऱ्या तासाला. ‘किमान’ हा शब्द आला की.

त्या दिवशी फळ्यावर गणित होतं: ६ मुलगे, ४ मुली, त्यांतून चौघांची समिती, किमान २ मुली हव्यात. मी खडू खाली ठेवायच्या आत एकाने उत्तर दिलं, ‘‘मॅडम, १६८. आधी दोन मुली घेऊन टाकायच्या, फोर सी टू, म्हणजे चौघींतून दोघी निवडायचे सहा प्रकार. अट मिटली. मग उरलेल्या आठांतून कुणीही दोन, एट सी टू. सहा गुणिले अठ्ठावीस.’’ निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. सीईटीच्या पर्यायांत हे १६८ हमखास असतं. पेपर काढणाऱ्यांना पोरं कुठे घसरतात ते नेमकं ठाऊक असतं.

मी नेहमीसारखं मांडलं. २ मुली २ मुलगे, ६ गुणिले १५, ९०. ३ मुली १ मुलगा, ४ गुणिले ६, २४. चारही मुली, १. एकूण ११५. ‘‘तुझ्या रीतीत काही समित्या परत परत मोजल्या जातात,’’ म्हटलं आणि डस्टर उचललं. बारा वर्षं मी इथेच डस्टर उचलत आले आहे.

‘‘पण कोणत्या, मॅडम? मी तर कुणालाच दोनदा घेतलं नाही. आणि जास्तीचे ५३ आले कुठून?’’

परत परत मोजलं जातं हे मला माहीत होतं. पण ५३ चा हिशेब मी कधी करूनच पाहिला नव्हता. ते वर्गाला कळू न देण्याचं कसब अंगवळणी पडलेलं असतं. त्या दिवशी मात्र ते वापरावंसं वाटलं नाही. म्हटलं, ‘‘मलाही बघायचंय. ये पुढे.’’

तीन मुली आणि एक मुलगा फळ्यासमोर उभे केले. त्याला म्हटलं, तुझ्या रीतीने निवड. त्याने पहिल्या दोघींकडे बोट दाखवलं, मग तिसरी आणि मुलगा. चिठ्ठी लिहिली. तेवढ्यात ती तिसरी, वर्ष सुरू झाल्यापासून हजेरीपलीकडे न बोललेली, म्हणाली, ‘‘आणि मला आधी घेतलं असतं तर?’’ दुसरी चिठ्ठी झाली. मग तिसरीही. चिठ्ठ्या तीन, समोर उभे तेच चौघे.

मागून आवाज आला, ‘‘एकाच गाडीला तीनदा टोल!’’

मी दहा वेळा सांगून जे डोक्यात गेलं नसतं, ते या टोलने गेलं. चारही मुली असत्या तर ‘आधीच्या दोघी’ सहा प्रकारे निघाल्या असत्या, म्हणजे टोल सहादा. पुढचं त्यानेच लिहिलं: २४ समित्यांचे दोन-दोन जादा, ४८. एका समितीचे पाच जादा. ५३. दोन मुलींच्या समितीत मात्र आधीच्या दोघी एकाच प्रकारे निघतात, म्हणून ९० ला धक्का नाही.

‘‘म्हणजे माझी रीत चूक नव्हती,’’ तो म्हणाला, ‘‘भागायचं राहिलं.’’

‘‘कशाने भागशील? तीनने की सहाने?’’

तो जरा थांबला. मग सावकाश लिहिलं: ९० भागिले १, ७२ भागिले ३, ६ भागिले ६. खाली ११५.

घंटा होऊन गेली होती, बायोलॉजीचे सर दारात उभे. त्यांना म्हटलं, दोन मिनिटं द्या, पोरं फळा उतरवून घेतायत.