होनोलुलू ते ग्वाम: सात तास की आठ?

आज दिवसभर होनोलुलू–ग्वाम (पश्चिम पॅसिफिकमधलं अमेरिकी बेट) विमानांच्या वेळापत्रकात डोकं घातलं होतं. हवाई अंतर साधारण 6,100 किमी. ताशी 850 ने भागलं की सव्वासात तास येतात, पण तो कागदावरचा हिशोब. ग्वामकडे जाताना वारा बहुतेक वेळा समोरून, म्हणून आठच्या आसपास. परतताना तोच पाठीशी, मग सातच्या आसपास.

खरी गंमत तारखेची! मध्ये वाररेषा, घड्याळांत 20 तासांचा फरक. मंगळवारी सकाळी 7 ला ग्वाम सोडलं, सात तास उडालं, तर होनोलुलूत सोमवार संध्याकाळचे 6. हॉटेलचं बुकिंग हमखास इथेच चुकतं. पोहोचण्याची तारीख तिकिटावर बघूनच करा.

माजुरो, पोनपेई अशा वाटेतल्या बेटांवर थांबे घेत जाणारं विमान मात्र वेगळंच प्रकरण, त्यात अख्खा दिवस जातो.