दाभोळ खाडीत जिताडा मासा गळाने गरवायला जाणार असाल तर

दाभोळ बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा घेऊन खाडीच्या वरच्या अंगाला, मालदोली गावाच्या पुढे गरवायला जाऊ नका. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. आम्ही उतरलो होतो तिथल्या मालकांनी त्याच वेळा कागदावर लिहून हातात दिल्या आणि "खाडी एकच, पाणी एकच" असं छातीठोकपणे सांगितलं. त्यांच्या शब्दावर आमची होडी भर एप्रिलच्या उन्हात चिखलात रुतून बसली.

पवना, मुळशी, उजनीवर गळ टाकणाऱ्यांना मोठ्या पाण्याची भीती नसते. धरणाचं पाणी अनोळखी असलं तरी जागचं हलत नाही. काठ बघून, झाडं-खडक बघून अंदाज बांधता येतो. खाडीत सकाळी बघितलेली जागा दुपारी तिथे नसते. चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून दाभोळच्या मुखापर्यंत चाळीसेक किलोमीटरचं वळणावळणाचं पात्र आहे. भरती मुखातून वर चढते तशी उथळात रेंगाळते, त्यामुळे वरच्या अंगाला पाणी उशिरा फिरतं, आणि ओहोटी भरतीपेक्षा जास्त वेळ चालते. शिवाय या खाडीला येऊन मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीत कोयनेचं पाणी येतं. पश्चिमेकडच्या वीजनिर्मितीसाठी वर्षाला 67.5 टीएमसी पाणी वापरायची परवानगी आहे, ते पोफळीकडून कोळकेवाडीमार्गे याच नदीत उतरतं. म्हणून भर उन्हाळ्यातही वर गोडं पाणी असतं. खारं कुठपर्यंत चढलंय हे रोज नव्याने बघावं लागतं. त्यात जुलै 2021च्या महापुराने गाळ आणला. जुन्या माहितीवर खोल पाण्याची वाट शोधायला जाऊ नका, आणि मोबाइलवरच्या उपग्रहाच्या चित्रावर तर मुळीच नको. ते चित्र भरतीचं की ओहोटीचं हेच त्यावरून कळत नाही.

तर त्या दिवशी षष्ठी होती. कोकणातला जुना हिशेब तिथीची पाऊणपट. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पूर्ण भरती साडेचारला आणि ओहोटी त्याआधी सहा तास, साडेदहाला. मालकांचा कागदही तेच सांगत होता. साडेदहाला पाणी फिरणार, मग चढतच जाणार, या भरवशावर होडीवाल्याने होडी कांदळवनातल्या एका ओहळाच्या तोंडात घातली. तो मुखाकडचा माणूस, त्यालाही वरचं पाणी ठाऊक नव्हतं. पाणी फिरलंच नाही. ते उतरतच राहिलं. आधी तळ घासला, मग होडी एका अंगावर कलली, आणि थोड्या वेळाने आमच्या चहूबाजूंना चकचकीत काळा चिखल आणि त्यावर उड्या मारणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे. वल्हं टोचून बघितलं तर अर्ध्याहून जास्त आत गेलं. उतरून ढकलायचा प्रश्नच नव्हता, कारण समोरच्या काठावर एक मगर तोंड उघडं टाकून ऊन खात पडली होती. वाशिष्ठीत मगरी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, बोटीतून त्या दाखवायला लोकांना नेतातही. पण होडी रुतलेली असताना तिला बघणं वेगळं. तीन तास सावली नाही, प्यायचं पाणी संपलेलं. पाणी हलल्याचं पहिल्यांदा कळलं ते एका सुकलेल्या तिवराच्या पानावरून. होडीच्या कडेला अडकलेलं ते पान उलट्या दिशेने, वरच्या अंगाला सरकलं. दीडच्या सुमारास होडी तरंगली.

धक्क्यावर आल्यावर दुसरा धक्का. सकाळी अडीच हजार ठरले होते. आता "वेळ जास्त झाला" म्हणून साडेचार हजार, शिवाय डिझेल वेगळं आणि चाऱ्याच्या कोळंबीचे सहाशे. तासांचा हिशेब आमच्या माथी, आणि तास वाया गेले ते चिखलात! वाद घालून तीन हजारांवर मिटवलं, पण संध्याकाळची सगळी रया गेली. तासावर होडी ठरवू नका. भरतीवर ठरवा: एक ओहोटी आणि पुढची अर्धी भरती, डिझेल-चाऱ्यासकट इतके. ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. आणि राहण्याच्या ठिकाणाकडून होडी घेऊच नका, मधली दलाली तुमच्याच खिशातून जाते. ज्या पट्ट्यात गरवायचं त्याच पट्ट्यातल्या गावात आदल्या संध्याकाळी स्वतः जा, जाळी विणत बसलेल्या वयस्कर माणसाला विचारा. आम्हाला असेच एक काका भेटले. आमचा कागद त्यांनी बघितलासुद्धा नाही. "दाभोलचा टायम हितं नाय चालत," म्हणाले, "मी सांगतो तवा निगायचं."

काकांबरोबर गेलो ती सकाळ मी विसरणार नाही. ओहोटीचा शेवट, कांदळवनातून बारकी बोय मासळी आणि कोळंबी ओहळातून बाहेर पडते, आणि तोंडाशी जिताडा दबा धरून असतो. काकांनी होडी खोल पाण्यात, ओहळापासून चांगली वीस हात लांब धरली. ओहोटीत आत शिरायचंच नाही, हा त्यांचा नियम. चौथ्या की पाचव्या फेकीला मुळांशी 'थप्प' असा आवाज झाला आणि रीलची दोरी सुटली. जिताडा पाण्याबाहेर उसळून डोकं झटकतो तेव्हा दोरी ताणून ठेवा, पण ओढू नका. पहिला गेला. लीडर, म्हणजे गळाजवळचा जाड दोरीचा तुकडा, कापल्यासारखा तुटला. कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, त्यात खडकांवर सगळीकडे कालवं. पन्नास पौंडाच्या खालचा लीडर घेऊन इथे येणं म्हणजे लुअर (नकली मासा लावलेला गळ) दान करणं. दुसरा मिळाला, चार किलोच्या आसपास, रुपेरी, आणि हात अजून दुखतोय!

मोठा मिळाला तर सोडून द्या. जिताडा आधी नर असतो आणि वाढल्यावर मादी होतो, त्यामुळे सर्वांत मोठे मासे बहुतेक माद्याच असतात. या माद्या पावसाळ्यात अंडी घालायला मुखाकडे उतरतात. ताटात पडायला मधल्या आकाराचा पुरे. मासा उचलताना कल्ल्यात बोटं घालू नका, खालचा जबडा ग्रिपरने धरा.

उधाणाचे दिवस टाळा. पौर्णिमा-अमावास्येला ओढ जबर असते आणि पाणी गढूळ. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, ओढच नसते. दशमी ते द्वादशी बरी. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी लागते, तेव्हा मेच्या मध्याआधी उरका. पुण्याहून कराडमार्गे कुंभार्ली घाटाने आलात तर रात्री घाट उतरू नका. एक दिवस दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून गुहागर बघितलं, छान आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

वरच्या पट्ट्यात काठावर उभं राहून, पाण्यात पाय घालून गरवू नका. कुणी "इथे मगरी येत नाहीत" म्हणालं तरी नाही. माणशी किमान चार लिटर पाणी, छत्री किंवा ताडपत्री, आणि एक लांब बांबू होडीत असल्याशिवाय निघू नका. होडीवाल्याकडे बांबू नसेल तर दुसरा होडीवाला बघा.