सातबेटचे रहिवासी

गेली काही वर्षे मी फावल्या वेळात एक शहर वसवत आहे. त्याचे नाव सातबेट. ते मुंबईच्याच जागेवर, मुंबईच्याच भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर उभे आहे, फक्त त्यात माणूस नाही. लोकलने कामावर जाणारे, नळावर पाण्यासाठी भांडणारे, पागडीच्या खोल्यांवरून वर्षानुवर्षे कोर्टात खेटे घालणारे असे सगळे प्राणी आणि पक्षी तेथे राहतात. त्यातून कादंबरी लिहायची आहे हे खरे, परंतु पात्रे कोठे राहतात, काय खातात आणि त्यांना काय दिसते-ऐकू येते हे ठरल्याशिवाय एकही संवाद खरा वाटत नाही, असा अनुभव येऊ लागल्यामुळे कथानक बाजूला ठेवून मी आधी शहराच्या मागे लागलो.

पहिला नियम रहिवासाचा. ज्या प्राण्याचे मुंबईत प्रत्यक्ष वास्तव्य आहे किंवा जो येथे हंगामी येतो, त्यालाच सातबेटात जागा. सिंह, हत्ती आणि अस्वल या नियमाने बाहेर पडले, त्याचे मला दुःख नाही, कारण जे उरले ते मोजायला बसल्यावर माझा मीच चकित झालो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगल आहे, त्यात बिबटे, चितळ, माकडे आणि उदमांजरे आहेत. पवई तलावात मगरी आहेत. खाडीकाठच्या तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत, हे तर मुंबईत जन्म गेलेल्या अनेकांना ठाऊक नसते. त्याखेरीज घारी, कावळे, कबुतरे, घुशी, मुंगूस, घोरपडी, वटवाघळे आणि हिवाळ्याच्या तोंडाशी ठाण्याच्या खाडीत उतरणारे फ्लेमिंगो. हे फ्लेमिंगो पावसाळ्याच्या आत परत जातात, म्हणून सातबेटात ते कायमचे घर घेत नाहीत. शिवडीच्या बाजूला लीव्ह अँड लायसन्सवर खोल्या घेतात आणि घरमालक दरवर्षी डिपॉझिट परत करताना कटकट करतात.

दुसरा नियम ठरवायला वेळ लागला, आणि खरे सांगायचे तर हा लेख त्या नियमासाठीच लिहीत आहे. आपल्याकडे बोलणाऱ्या प्राण्यांची परंपरा फार जुनी आहे. पंचतंत्राची अरबी आवृत्ती आठव्या शतकात तयार झाली, तीही पहलवी (म्हणजे जुन्या फारसीतील) भाषांतरावरून, म्हणजे मूळ ग्रंथ त्याच्याही बराच आधीचा. त्या ग्रंथावर माझे प्रेम आहे. राजकारणाचे इतके थंड डोक्याचे वर्णन क्वचितच वाचायला मिळते. तरीही त्यातल्या दोन कथा मला दर वेळी टोचतात. रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा रंगाच्या बळावर जंगलाचा राजा होतो, आणि लांबून इतर कोल्ह्यांची कोल्हेकुई कानावर पडताच त्याला राहवत नाही, तोही ओरडतो आणि मारला जातो. दुसरी कथा मुनीने उंदरीची मुलगी केली तिची. सूर्य, ढग, वारा आणि पर्वत ही सगळी स्थळे नाकारून ती शेवटी उंदीरच पसंत करते. दोन्ही कथा मोठ्या कौशल्याने रचलेल्या आहेत, आणि दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो: जन्माने जो जे आहे तो शेवटी तेच राहतो. ज्या समाजाने माणसांनाही हेच शतकानुशतके ऐकवले, त्या समाजातील लेखकाने हा निष्कर्ष प्राण्यांच्या आडून पुन्हा मांडावा काय, हा माझ्यापुढचा प्रश्न होता.

गंमत अशी की उत्तरही पंचतंत्रातच आहे. करटक आणि दमनक हे दोघेही कोल्हेच. दमनक कारस्थानी, करटक त्याला वेळोवेळी सावध करणारा. म्हणजे कोल्हा म्हणून धूर्तपणा दोघांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. तेथून माझा दुसरा नियम निघाला: सातबेटात शरीर जन्माने मिळते, स्वभाव मिळत नाही. कान, डोळे, जीभ, वजन, पोट ही सगळी प्राण्याची, आणि ती शक्य तितकी काटेकोर असावीत. भित्रेपणा, कपट, निष्ठा आणि आळस हे मात्र ज्याचे त्याचे.

हा नियम एकदा पत्करला की शरीराकडे फार बारकाईने पाहावे लागते, आणि मला तर सगळ्यात जास्त मजा तेथेच आली. उंदीर खेळताना आणि खुशीत असताना पन्नास हजार हर्ट्झच्या आसपासचे आवाज काढतात. माणसाचे कान वीस हजारांपाशी थांबतात आणि बहुतेक पक्ष्यांचे त्याच्याही बरेच अलीकडे. मांजराला मात्र ते आवाज ऐकू येतात. आता चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एका बाजूला कावळ्याचे बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला मांजरीचे आणि मध्ये उंदरांचे, अशी मांडणी केली की पुढचे आपोआप घडते. कावळेकाकांच्या मते उंदीर मंडळी अतिशय शांत, घुमीच म्हणा ना. आणि पलीकडच्या खोलीतील मांजरीण त्याच घरातल्या रात्रभर चाललेल्या खिदळण्याने डोके धरून बसलेली. सोसायटीत तक्रार केली तर कावळेकाका साक्ष द्यायला उभे राहणार, की आम्ही इतकी वर्षे भिंतीला भिंत लावून राहतो, पण कधी चकार शब्द ऐकला नाही. दोघेही खरे बोलत आहेत.

जिभेचेही तसेच. मिरचीतला जो घटक आपल्याला झोंबतो तो पक्ष्यांना झोंबत नाही. म्हणून पोपट हिरवी मिरची निवांतपणे सोलून खातो. सातबेटात स्टेशनबाहेर एका पोपटाचे मिसळीचे हॉटेल आहे. त्याने तर्री चाखून काही उपयोग नसल्यामुळे त्याने एका मुंगसाला केवळ चव पाहण्यासाठी नोकरीवर ठेवले आहे. रोज सकाळी पातेल्यावरचे झाकण काढून पोपट विचारतो, ‘‘काय रे बाबू, कालच्या एवढीच ना?’’ आणि बाबू डोळे पुसत म्हणतो, ‘‘शेठ, कालच्यापेक्षा थोडी जास्तच आहे, पण चालेल.’’ गिऱ्हाईक मात्र बाबूच्या त्या ‘चालेल’वर विसंबून राहणारे आहे, आणि बाबू ते जाणून आहे. त्याच फळीवर ठेवलेले पेढे मांजरे घेत नाहीत, कारण मांजराच्या जिभेला गोड कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणारे त्यांचे एक जनुक निकामी असल्याचे २००५ साली दाखवले गेले. बारशाला गेलेली मांजरीण पेढा तोंडात टाकते, छान झालाय म्हणते आणि रुमालात काढून ठेवते. तिच्या या सभ्यपणाचा मांजर असण्याशी संबंध नाही. दुसरी एखादी मांजर सरळ नको म्हणून मोकळी होईल.

रेल्वेचे सिग्नल बदलावे लागले. कुत्री, मांजरे आणि उंदीर यांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक नीट कळत नाही, तेव्हा सातबेटच्या लोकलला निळे आणि पिवळे दिवे आहेत. माकडांना आपल्यासारखेच रंग दिसतात, पक्ष्यांना त्याहूनही अधिक. त्यांना ही व्यवस्था मागासलेली वाटते आणि वर्तमानपत्रांतून ते तसे अधूनमधून लिहितात.

आकाराचा प्रश्न सर्वांत त्रासदायक. घरातला उंदीर वीस-पंचवीस ग्रॅमचा आणि बिबट्या पन्नास-साठ किलोंचा. हे प्रमाण जसेच्या तसे ठेवले तर एका बाकावर दोघांना बसवता येत नाही. म्हणून मी तफावत कमी केली, बिबट्या माणसाएवढा आणि उंदीर वीतभर उंचीचा धरला, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चार चार लहान पायऱ्या कोरल्या. परंतु तफावतीचे परिणाम सोडले नाहीत. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाने (१९५७ मध्ये ते भारतात आले आणि येथलेच झाले) १९२६ च्या एका निबंधात लिहिले आहे की उंदीर हजार यार्ड खोल खाणीत पडला तरी किंचित धक्का बसून चालू लागेल, माणसाची मात्र हाडे मोडतील. शरीर लहान होत जाते तसे वजन फार झपाट्याने घटते, आणि हवेचा अडथळा त्या मानाने मोठा राहतो. त्यामुळे सातबेटात शाळेला उशीर झाला की उंदरांची पोरे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून थेट अंगणात उड्या घेतात, आणि शेजारच्या कुत्रीचा जीव रोज टांगणीला लागतो, कारण तिचा धाकटा त्यांच्याकडे टक लावून पाहत असतो. वजनदारांना तळमजला, हलक्यांना वरचे मजले असे वाटून द्यावे, हा मोह मला झाला होता. तसे केले असते तर बांधकाम सोपे झाले असते. पण जन्मावरून मजला ठरणारी इमारत आपोआप वेगळेच काही सांगू लागते, म्हणून तो बेत सोडला आणि सगळ्याच मजल्यांना मजबूत कठडे लावले.

आयुर्मानाच्या बाबतीत मी शरीरशास्त्राला सरळ रजा दिली. उंदीर दोन-तीन वर्षे जगतो. खोलीच्या ताब्याचा एक दावा निकाली निघेपर्यंत त्याच्या दहा पिढ्या होतील. एखाद्या कथेपुरते हे चालेल, शहरभर चालणार नाही.

आता खाण्याकडे येतो. मांसाहारी प्राण्याला मांस लागते, मांजराचे तर त्यावाचून शरीरच चालत नाही, आणि बोलणाऱ्या शेजाऱ्याला खाणे शक्य नाही. पुष्कळ लेखक येथे नजर दुसरीकडे वळवतात. मला ते पटत नाही, कारण शहराचा सगळा व्यवहार शेवटी बाजारातूनच जातो. मी मासे आणि कोलंबी या सीमारेषेच्या पलीकडे ठेवली: ती बोलत नाहीत, ती खाल्ली जातात. त्याबरोबर पावसाळा आला. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. सातबेटात ती सर्वांसाठीच बंद. म्हणजे मे महिन्यात बिबट्यांच्या, कोल्ह्यांच्या आणि मांजरांच्या घरांत आगोटीची बेगमी सुरू होते. सुके बोंबील, जवळा आणि सुकट यांचे भाव चढतात, गॅलऱ्यांतून वास सुटतात, आणि चितळांच्या घरांतले थोरले त्या वासाने निर्धास्त होतात. ज्या वर्षी वळवाचा पाऊस लवकर येऊन वाळवण भिजते, त्या वर्षी जुलैच्या अखेरीस शहरात काय होईल? नारळी पौर्णिमेपर्यंत कोण किती दिवस काढील? माझी कादंबरी याच आठवड्यांत घडते.

येथे एक सापळा आहे आणि तो मुंबईकराला विशेष ओळखीचा आहे. अमुक खाणाऱ्यांना घर देणार नाही, असे म्हणणाऱ्या इमारती आपल्याकडे आहेत. बिबट्याच्या कुटुंबाला चितळांच्या सोसायटीने ना हरकत दाखला नाकारला, हा प्रसंग लिहायला हात शिवशिवतो. लिहिला की वाचक लगेच ओळखणार. परंतु चितळाची भीती कल्पित नाही. त्याच्या पूर्वजांना बिबट्याने खरोखरच खाल्ले आहे. माणसामाणसांतल्या भेदाला असा काही आधार नसतो. बिबट्याच्या जागी माणसांचा एखादा समाज ठेवून वाचकाने तो प्रसंग वाचला, तर मी अन्यायाविरुद्ध लिहिता लिहिता अन्याय करणाऱ्याच्या हाती पुरावा दिला, असे होईल. आरेच्या पाड्यांवर वाघोबाची पूजा होते. बिबट्याच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांनी त्याच्याशी नाते जोडले आहे, हेही त्या प्रसंगात कोठेच बसत नाही. बराच विचार करून मी तो प्रसंग ठेवला, पण सोसायटी बदलली. आता मुलुंडच्या टेकडीकडील बिबट्यांची सोसायटी येऊरहून आलेल्या बिबट्याला खोली नाकारते. सारे ठिपकेवाले, सारे तेच सुके बोंबील खाणारे. कारण विचारले तर चिटणीस म्हणतात, ‘‘आमचा वैयक्तिक काही विरोध नाही हो, सभासदांची भावना आहे.’’

बोलीही मी याच न्यायाने वाटली. तिवरांत वाढलेला कोल्हा आगरी बोलतो, आणि त्याच वाडीतला कुत्रा आणि घोरपडही आगरीच बोलतात. गिरगावात वाढलेल्या कोल्ह्याला ती येत नाही. प्राण्यागणिक बोली ठरवली असती तर विनोद फुकट मिळाले असते, पण ते कोणत्या जातीचे विनोद असतात ते आपण मराठी नाटकांतून पुरेसे पाहिले आहे.

माशांबद्दल ओढलेली रेषा मात्र मला अजूनही स्वस्थ बसू देत नाही. सगळ्यांना शरीर आणि मन दिले आणि एका गटाला सोयीसाठी मुके ठेवले, हे शहरातल्या एखाद्याच्या तरी ध्यानात यायलाच हवे. ते पाणकावळ्याच्या ध्यानात येते, कारण तो पाण्याखाली जातो. बंदीच्या शेवटच्या आठवड्यात, सुकट संपत आलेली असताना, तो चाळीच्या सर्वसाधारण सभेत उठून सांगतो की खाली आपल्याला काहीतरी ऐकू आले. त्या प्रकरणाचा मसुदा सध्या अर्धवट आहे: मांजरीण म्हणते तिला खाडीकाठी असे कधी ऐकू आले नाही, कावळेकाका सवयीप्रमाणे तिच्या विरुद्ध मत देतात, आणि पाणकावळ्याचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवायचे की नाही यावर सभा अडून बसली आहे.